नर येतील, माद्यांचं काय?

पूर्व अमेरिकेच्या जंगलांत प्युमा (तिकडचं मोठं रानमांजर) आपसूक परततील, असं एका लेखात म्हटलंय. मला नाही पटत. २०११ मध्ये साउथ डाकोटाच्या ब्लॅक हिल्समधला एक तरणा नर २,४०० किलोमीटरहून जास्त अंतर तुडवत थेट पूर्वेकडच्या कनेक्टिकट राज्यात पोचला आणि तिथे हायवेवर गाडीखाली मेला. बिचारा! पण एवढी पायपीट नरच करतात. माद्या बहुतेक आईच्या इलाख्याजवळच ठाण मांडतात. मग वंश वाढणार कसा? हरणं तिकडे रग्गड, खाण्याची ददात नाही. मिशिगनच्या उत्तर भागात २०२५ मध्ये दोन बछडे दिसले, तीच काय ती आशा. तरी माद्या मुद्दाम नेऊन सोडल्याशिवाय पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांपर्यंत प्युमा पोचायला कित्येक पिढ्या जातील. आणि २०१८ मध्ये सरकारनेच पूर्वेकडचा प्युमा नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढलाय. आता माद्या सोडणार कोण?