पैसे कोणी देल्ले ते आधी सांगा ना भाऊ

पीआरचा, म्हणजे पैसे घेऊन लोकांत नाव गाजवायचा, धंदाच वाईट असं मी म्हणत नाही. खेळाडूचं, नटनट्यांचं नाव लोकांपर्यंत कोणीतरी न्यावंच लागते. माझं भांडण एवढंच का बातमी कोणती अन् जाहिरात कोणती हे आपल्याले मुद्दाम समजू देत नाहीत.

२ फेब्रुवारी २०२४ आठवते? मॉडेल पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेली अशी पोस्ट तिच्याच अकाउंटवरून आली, चॅनलवाल्यांनी चालवली, आमच्या गावच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली अन् दुसऱ्या दिवशी बाई स्वतः व्हिडिओत हजर! म्हणे जनजागृती होती. मंग हे घडवून आणणाऱ्या जाहिरात एजन्सीनं माफी मागतली. अरे, आदल्याच दिवशी बजेटमध्ये ९ ते १४ वयाच्या पोरींच्या ह्याच कॅन्सरवरच्या लसीचा विषय आलता, ती लस कुठं भेटते तेवढं सांगतलं असतं तरी झालं असतं, मरायचं नाटक कायले?

हे काही आजचं नाही बाप्पा. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत बाया सिगारेट पेटवून चालल्या, पेपरात गाजलं का ह्या स्वातंत्र्याच्या मशाली हायेत. मागं होता एडवर्ड बर्नेज, पीआरचा बाप म्हणतात त्याले, अन् पैसे अमेरिकन टोबॅको कंपनीचे. त्यानं आधी एका मनोविश्लेषकाले विचारून घेतलं होतं का बाईले सिगारेट कायची खूण वाटंल. म्हणजे रिसर्च केलाच, पण कोणासाठी?

आपल्याकडं तेच काम विलायची करते. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद, पण मॅचच्या दोन ओव्हरच्या मधात मोठमोठे हिरो विलायची खातात अन् पुडीवर नाव तेच गुटख्याचं. पानठेल्यावर दहावीतलं पोट्टं पन्नीत खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटत घोटत ती जाहिरात पायते, त्याले सांगा बरं हे विलायचीचं हाय म्हणून. २०२२ मध्ये अक्षय कुमारनं लोकांचा राग पाहून माफी मागतली अन् विलायचीच्या जाहिरातीतून बाहेर पडला, तेवढं मानलं. पण सही करायच्या आधी पुडी पायली नव्हती का?

ड्रीम इलेव्हन ह्या पैसे लावून क्रिकेटची टीम बनवायच्या ॲपच्या जाहिरातीत 'सवय लागू शकते' हे वाक्य असं पळवायचे का थांबा सोडून जाणारी एस्टीबी इतकी पळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, पैशाचे गेम बंद झाले, आशिया कपले टीम बिनास्पॉन्सरच्या जर्सीत उतरली. तवर कापसाचे पैसे कोणाकोणाचे गेले ते ज्याचं त्याले माईत.

नियम हायेत हो. पैसे घेतले तर इन्फ्लुएन्सरनं ठळक लेबल लावायचं हे २०२१ पासून हाय, फसव्या जाहिरातीले १० लाखापर्यंत दंड, परत केली तर ५० लाखापर्यंत. आपले तालुक्याचे रीलस्टार हॅशटॅगच्या ढिगाखाली 'कोलॅब' लिहून मोकळे.

अन् मुंबईवाल्यालेच काय बोलावं, आपल्या शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, बातमी पहा. पहिले उद्घाटक, मंग प्रमुख पाहुणे, मंग भाऊंचा वाढदिवस, अन् जोडी कोणाची, किती सेकंदात सुटली हे शेवटच्या ओळीत, तेबी जागा उरली तर. पत्रक आयोजकच लिहितात, वार्ताहर जसंच्या तसं पाठवतो. त्याच्यावर चिडून काय फायदा, त्याले पगार नाही, वरून जाहिरातीचं टार्गेट.

यंदा पटाच्या कमिटीत जे पोट्टे हायेत त्यांनी पत्रकात पहिलं नाव जोडीवाल्याचं अन् जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं टाका, अन् बक्षिसाचे पैसे कोणी देल्ले ते बॅनरवर साफ लिहा. भाऊंचा फोटो लहान झाला म्हणून कोणी रुसलं तर त्याले मले फोन करू द्या, मी बोलतो.