‘माळढोकाची जोडी आणा, पैदास करा, माळ मोकळा करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: राजस्थानात कृत्रिम रेतनातून माळढोकाचं, म्हणजे माळरानावरच्या त्या नामशेष होत चाललेल्या मोठ्या पक्ष्याचं, पिल्लू जन्मलं, म्हणजे प्रश्न सुटला. मुंबईच्या राणीच्या बागेत पेंग्विनला पिल्लं होतात, मग आपल्या महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयात माळढोकाची जोडी का आणू नये? नवा पिंजरा बघायला गर्दी होईल, पाच वर्षांत शंभर पक्षी होतील, आणि मग माळढोकासाठी राखलेलं नान्नजचं अभयारण्य उठवून जमिनी मोकळ्या करता येतील.

मला हा मजकूर चौघांनी पाठवला. त्यातले दोघं माझ्याबरोबर नान्नजच्या माळावर पहाटे थंडीत कुडकुडत बसलेले आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘जोडी’. माळढोक जोडीनं संसार करत नाही. विणीच्या दिवसांत नर उघड्या माळावर ठरलेल्या जागी उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबू देतो आणि घुमतो. तो आवाज लांबवर जातो. मादी येते, बघते, पसंत पडला तर मीलन होतं. पुढं अंडं उबवणं आणि पिल्लू वाढवणं सगळं तिच्या एकटीवर. एक नर आणि एक मादी जाळीत कोंडली म्हणजे पिल्लं होतील, हा हिशेब लव्हबर्डचा आहे. शिवाय हा जड पक्षी (नर पंधरा किलोपर्यंत भरतो) बिचकला की सरळ उडतो आणि जाळीवर आदळतो. रोज शेकडो माणसं समोर उभी राहणार असतील तर पिंजऱ्यात त्याचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

‘पाच वर्षांत शंभर’ हे तर साध्या गणितातही बसत नाही. मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, तेही वयाची तीन-चार वर्षं झाल्यावर. आज वयात न आलेली जोडी आणली तर पाच वर्षांत हाताशी एखाददुसरं अंडं.

राजस्थानातली बातमी मात्र खरी आहे, आणि ती वाचून मलाही भरून आलं होतं. पण ते काम प्राणिसंग्रहालयात झालेलं नाही. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथं भारतीय वन्यजीव संस्था आणि राजस्थान वनविभागाची खास प्रजनन केंद्रं आहेत. तिथं गर्दीला प्रवेश नाही. 2019 पासून रानातली अंडी आणून, यंत्रात उबवून, पिल्लं हातानं भरवून मोठी केली. मग रामदेवऱ्याच्या ‘सुदा’ नावाच्या नराला नकली मादीची सवय लावली, त्याचं वीर्य सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या सम केंद्रात नेऊन ‘टोनी’ नावाच्या मादीत रेतन केलं, आणि 16 ऑक्टोबर 2024 ला पिल्लू बाहेर आलं. तिलोर या माळढोकाच्या भाऊबंद पक्ष्यासाठी काम करणाऱ्या अबुधाबीतल्या संस्थेची मदत होती. एवढं करूनही 2024 अखेरपर्यंत तिथला एकही पक्षी रानात सोडलेला नव्हता.

पेंग्विनबद्दल फार लिहीत नाही. ते हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले. 15 ऑगस्ट 2018 ला जन्मलेलं पहिलं पिल्लू आठवडाभरात दगावलं, पुढं 2021 मध्ये पिल्लं जगली. आनंदच आहे. पण त्या जन्मांनी पेरूच्या समुद्रावर एक पेंग्विन वाढला नाही.

आता मूळ मुद्दा, जमिनीचा. त्यातली तक्रार खोटी नाही. 1979 चं अभयारण्य सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर होतं, त्यात गावंच्या गावं आणि पिकाची रानं अडकली होती. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं जाच सोसला. पण सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनं 2012 मध्ये ते सुमारे सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आलं. जे मोकळं करायचं ते तेव्हाच झालं. राहिलेल्या माळावरही आता माळढोक एखाददुसराच दिसतो, कारण गवत गेलं, ज्वारीच्या जागी ऊस आला, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळं ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो.

मग उद्या पिल्लं झालीच, तर सोडायची कुठं? गिधाडांचं उदाहरण घ्या. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात त्यांची पैदास होत होती. पण गुरांच्या डायक्लोफेनॅक औषधावर 2006 मध्ये बंदी येऊनही मेलेल्या जनावरांतून ते विष जाणं थांबेना, त्यामुळं तिथली पांढऱ्या पाठीची गिधाडं मोकळी सोडायला 2020 उजाडलं. ओमानमध्ये तर याहून वाईट झालं. पिंजऱ्यात वाढवलेले अरबी ओरिक्स (लांब शिंगांची वाळवंटी हरणं) 1982 मध्ये वाळवंटात सोडले, ते वाढून साडेचारशेच्या घरात गेले. मग शिकार झाली आणि पासष्टच्या आसपास उरले. सरकारनं अभयारण्य नव्वद टक्के कापलं आणि 2007 मध्ये ती जागा जागतिक वारशाच्या यादीतून गेली. पैदास जमली होती, जागा राखली नाही.

एका गोष्टीत मी मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूचा आहे: प्राणिसंग्रहालयात नवं दालन हवंच. ते माळाचं करा. कुसळी आणि पवन्या गवत लावा, काळवीट ठेवा, माळढोकाचा हुबेहूब मापाचा पुतळा उभा करा, कळ दाबली की नराचं घुमणं ऐकू येईल अशी सोय करा. आणि तिथून बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटरवरच्या नान्नजला महापालिकेच्या शाळांची बस न्या. या मागणीचं पत्र मी लिहिलंय, आणि मजकूर पाठवणाऱ्या चौघांकडं सह्यांसाठी आज संध्याकाळी जाणार आहे.