चेहरा दाखवणं वेगळं, देऊन टाकणं वेगळं

नमस्कार. चिडून का होईना, सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. विमानतळावरच्या फेस स्कॅनिंगचं मी आधीच्या लेखात कौतुक केलं, त्यावर तुमचे आक्षेप असे: पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा नाही, 'ऐच्छिक' हा शब्द कागदापुरता असतो, वाचलेला वेळ पुढच्या रांगेत जातोच, आणि यापेक्षा काउंटरवरचा माणूस बरा.

वेळेबद्दल मी सपशेल चुकले. गेट चटकन उघडलं म्हणून बॅगा तपासणारा पट्टा काही जोरात धावत नाही. मूळ लेखातलं ते वाक्य काढलं आहे.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्यात. ई-गेटवर, म्हणजे पासपोर्ट यंत्रानेच तपासून उघडणाऱ्या दारावर, आपण पासपोर्टचं पान काचेवर उपडं ठेवतो, तेव्हा यंत्र आधी तळाच्या त्या दोन ओळी वाचतं, बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या. त्यातला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख मिळून पासपोर्टातली, आपला फोटो साठवलेली चिप उघडण्याची किल्ली बनते. म्हणजे पासपोर्ट मिटलेला असताना बाजूने जाणाऱ्याला चिप सहजासहजी वाचता येत नाही. आतल्या फोटोवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते, त्यामुळे तो गुपचूप बदलला तर पकडलं जातं. हा फोटो आणि कॅमेऱ्यासमोरचा चेहरा, एवढीच जुळवणी. एकास एक. त्यासाठी लाखो चेहऱ्यांचा साठा लागत नाही. फोटो तुमच्याच खिशातून आलेला असतो.

पासपोर्ट न काढता, न थांबता चालत जायचं, हा प्रकार निराळा. तिथे तुमचा चेहरा आधीच जमवलेल्या चेहऱ्यांमध्ये शोधला जातो. ते चेहरे त्या एका विमानातल्या प्रवाशांचे असोत की सगळ्यांचे, ते कुणाच्या तरी संगणकात असतात. इथे तुमची भीती रास्त आहे. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या एका उपकंत्राटदाराने सीमेवर टिपलेले प्रवाशांचे फोटो परवानगी नसताना आपल्या नेटवर्कवर उतरवून घेतले आणि तिथून ते चोरीला गेले. २०१९ मध्ये हे उघड झालं. युरोपीय डेटा संरक्षण मंडळानेही मे २०२४ मध्ये विमानतळांबाबत मत दिलं ते याच धर्तीचं: चेहऱ्याचा साचा (जुळवणीसाठी यंत्राने चेहऱ्यावरून बनवलेली नोंद) प्रवाशाच्या हातात हवा, किंवा निदान त्याची किल्ली फक्त त्याच्याकडे हवी. हा फरक मी लेखात धूसर ठेवला, हे मान्य.

पण 'काउंटरवरचा माणूस बरा' हे मला पटत नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी झाली होती. समोरची व्यक्ती एक आणि फोटो भलत्याचाच, अशा वेळी त्यांनी १४ टक्के प्रसंगी 'हाच तो' म्हणून मान डोलावली. रोज हेच काम करणारी माणसं होती ती. यंत्रही धुतल्या तांदळासारखं नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये दाखवून दिलं की चेहरे जुळवणाऱ्या बऱ्याच अल्गोरिदममध्ये स्त्रिया, वृद्ध, लहान मुलं, आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहरे यांच्या बाबतीत चुकीची जुळवणी जास्त होते. सगळ्यांत चांगल्या अल्गोरिदममध्ये हा फरक फारच कमी होता, त्यामुळे विमानतळाने कुठला घेतला हे विचारायलाच हवं.

'ऐच्छिक'बद्दल मात्र वाद नाही. एका विमानतळावर मी "कॅमेरा नको, कागद बघा" म्हटलं. तिथल्या कर्मचारी मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे (पाटीवर तसं लिहिलेलं होतं!), मग वरिष्ठाला फोन लावला. तो येईपर्यंत मागची सगळी रांग माझ्या पाठीकडे बघत होती. मी घामाघूम. नियमाने मला हक्क होता, पण तो बजावायला लाज सोडावी लागली. शेजारी माणूस बसलेला उघडा काउंटर नसेल, तर त्या पाटीला काय अर्थ?

शेवटी तुम्ही विचारलंत, पुढच्या प्रवासात तुम्ही स्वतः काय करणार? चिपवाल्या ई-गेटमधून बिनधास्त जाणार. बोर्डिंगच्या कॅमेऱ्यासाठी ॲपवर सेल्फी मागितला, तर फोटो कुठे ठेवणार आणि कधी पुसणार हे आधी वाचणार. ते लिहिलेलं नसेल तर बोर्डिंग पास छापून नेणार, आणि वरिष्ठ येईपर्यंत उभी राहणार.