चौऱ्याण्णव रुपयांचा फायदा

गाडीचा विमा संपलाय आणि तो भरायचा नाही असं तुम्ही ठरवलंय, हे ऐकून फार बरं वाटलं. हिशेबी माणसं हल्ली मिळतात कुठे?

आणि तुमचा हिशेब चोख आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. हजार सीसीच्या आतल्या खासगी कारचा वर्षाचा थर्ड पार्टी (म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा) हप्ता १ जून २०२२ पासून २,०९४ रुपये ठरवून दिला गेला, वर जीएसटी. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड किती? मोटार वाहन कायद्याचं कलम १९६ सांगतं, पहिल्या वेळी २,००० रुपये. जीएसटी बाजूला ठेवा, नुसत्या हप्त्यातच ९४ रुपये सुटले. गाडी पंधराशे सीसीपर्यंतची असेल तर हप्ता ३,४१६, म्हणजे १,४१६ रुपयांची कमाई. त्याहून मोठी असेल तर ७,८९७ विरुद्ध तेच २,०००! दंड गाडीचा आकार बघत नाही, त्यामुळे जितकी मोठी गाडी तितका मोठा फायदा. शिवाय हप्ता दर वर्षी ठरलेला, दंड मात्र सापडलात तरच.

त्याच कलमात ‘तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही’ असंही लिहिलंय. ते तुम्ही वाचू नका. दंडाचा आकडा दिसला की नजर तिथेच थांबवायची, हा आपला जुना शिरस्ता आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर दंड ४,०००. तेव्हा शक्यतो एकदाच सापडा. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी हा दंड जास्तीत जास्त हजार रुपये होता. तो काळ बचतीला जास्त पोषक होता, पण आता त्याचं काय करणार.

सापडायचं कसं नाही, याची जुनी रीत सोपी होती. डॅशबोर्डच्या खणात दोन वर्षांपूर्वीची पॉलिसी असायची. ती अशी घडी घालायची की तारखेची ओळ नेमकी घडीत जायची. आता हवालदार कागदाला हातच लावत नाही. हातातल्या यंत्रात गाडीचा नंबर टाकतो आणि पडद्यावर विम्याची तारीख येते.

“साहेब, कालच संपला हो.”

“काल नाही, मागच्या फेब्रुवारीत.”

‘कागद घरी राहिले’ ही सबबही गेली, कारण मोबाइलमधले कागद चालायला लागल्यापासून घर तुमच्या खिशातच आलं. तरी हिरमुसू नका. अजून ‘ओळख’ नावाचा कागद शिल्लक आहे, तो चालतो की नाही ते तिथेच कळेल.

गाडी मित्राला द्यायची असेल तर जरूर द्या. कायदा इतका उदार आहे की चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला, दोघांनाही एकाच कलमात जागा देतो. मैत्री टिकवायला असं काहीतरी समान लागतंच.

इथपर्यंत सगळं छान चाललंय. आता समजा (नुसतं समजा) एक दिवस वळणावर तुमचं लक्ष फोनकडे गेलं आणि समोरून स्कूटरवर येणारा माणूस गेला. वय ३२. पगार महिना २५,०००. घरी बायको, दोन मुलं आणि आई.

हा हिशेब तुम्हाला करावा लागणार नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण करून देतं, आणि तुमच्यापेक्षा बारकाईने करतं. वर्षाचे झाले ३ लाख. माणूस चाळिशीच्या आतला आणि नोकरी कायमची नव्हे, ठरावीक पगाराची, म्हणजे पुढे पगार वाढला असता म्हणून ४० टक्के वर. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवून दिलंय. झाले ४ लाख २० हजार. अवलंबून असणारे चौघे, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा. उरले ३ लाख १५ हजार. आता वयाचा गुणक. ३१ ते ३५ या वयोगटाला १६, हे कोष्टक त्याच न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिलेलं.

पन्नास लाख चाळीस हजार.

अंत्यसंस्काराचा खर्च आणि घरच्यांनी गमावलेल्या सहवासाची रक्कम वेगळी. व्याजही वेगळं, आणि ते बहुधा दावा दाखल झाल्या दिवसापासून. कोष्टक किती नेटकं आहे बघा. गेलेल्या माणसाचं वय एका रकान्यात, त्याची मुलं दुसऱ्या रकान्यात आणि तुम्ही शेवटच्या ओळीत. तिथे ‘कोणी द्यायचे’ असं लिहिलेलं असतं.

विमा असता तर त्या ओळीत कंपनीचं नाव आलं असतं. थर्ड पार्टी पॉलिसीत मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादाच नसते. मर्यादा आहे ती फक्त दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. म्हणजे २,०९४ रुपये घेऊन कंपनी पन्नास लाख देते. असला व्यवहार करणाऱ्यांवर स्वाभिमानी माणसाने विश्वास ठेवू नये, हे तुमचं बरोबरच होतं.

हिशेबाची आवड आहे म्हणून आणखी थोडं. पन्नास लाख चाळीस हजारांत दंड किती वेळा भरता आला असता? पहिला २,००० चा, पुढचे ४,००० चे धरले तर जवळजवळ १,२६० वेळा. रविवार न सोडता रोज एकदा सापडायचं म्हटलं तरी साडेतीन वर्षं लागतील. आणि हप्ते? २,४०० वर्षांचे. चंद्रगुप्त मौर्य गादीवर यायच्या आधीपासून तुम्ही नियमित विमा भरत आला असता, तरी अजून एवढे पैसे गेले नसते. पण ९४ रुपये ते ९४ रुपये.

यातून निसटायच्या वाटा मला नेहमी विचारल्या जातात. त्याही सांगतो, काही हातचं राखत नाही.

पहिली, अपघात झाल्या झाल्या रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइलवर पॉलिसी काढणे. कल्पना उत्तम आहे आणि ती फार जणांना सुचलेली आहे. म्हणूनच पॉलिसीवर तारखेबरोबर तास आणि मिनिटंही छापतात, आणि वेळ छापलेली असेल तर संरक्षण त्या वेळेपासूनच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून टाकलं. तुमच्या जन्माच्या आधीच तुमची युक्ती कोणीतरी वापरून गेला असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरी, ‘गाडी मी केव्हाच विकली.’ विकली असेलही. पैसे घेतले, किल्ली दिली, चहाही झाला. पण आरसीवर नाव कोणाचं? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याची. त्या खटल्यातली गाडी तर एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेली होती. सगळे आपापल्या मार्गाने गेले आणि जबाबदारी येऊन बसली पहिल्याच्या दारात.

तिसरी वाट म्हणजे ‘माझ्याकडे काही नाहीच, काय घेतील?’ हा प्रश्न मला स्वतःला आवडतो, त्यात एक प्रकारचं वैराग्य आहे. पण न्यायाधिकरण कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवू शकतं आणि मग ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतसारा बुडवणाऱ्यांशी कसं वागायचं याचा महसूल खात्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. वैराग्याची त्यांना सवय आहे. सातबाऱ्याची तर त्याहून जास्त.

फौजदारी खटला हे वेगळं प्रकरण. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. विमा काढलेला असता तरी तो खटला चुकला नसता, तेव्हा त्याचा ठपका तुमच्या काटकसरीवर ठेवणं अन्यायाचं होईल.

जाता जाता कबुली देतो. माझ्या गाडीचा विमाही एकदा नऊ दिवस संपलेला होता आणि मला पत्ता नव्हता. कंपनीचे संदेश येत होते. जाहिरात समजून मी ते पुसत होतो. नऊ दिवसांत काही झालं नाही. नंतर कळलं की नव्वद दिवस उलटले असते तर नो क्लेम बोनसही (म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला असता, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला धक्का बसला तो या बोनसचा. समोरून येऊ शकणाऱ्या स्कूटरवाल्याचा विचार बऱ्याच नंतर आला. तेव्हा तुम्हाला नावं ठेवायचा अधिकार मला फारसा नाही.

राहता राहिली तुमची गाडी. ती अपघातानंतर पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असेल. पुरेसं तारण दिल्याशिवाय विमा नसलेली गाडी सोडायची नाही, तीन महिन्यांनी तिचा लिलाव करायचा आणि आलेले पैसे न्यायाधिकरणात भरायचे, अशी ही तरतूद आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे नियम सगळ्याच राज्यांना करायला सांगितले. तीन महिन्यांत टायर बसतात, बॅटरी उतरते, काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने नाव लिहून जातं. मग लिलावाच्या दिवशी एक जण येतो, बॉनेट उघडून बघतो, किंमत पाडतो आणि गाडी घेतो. नेण्याआधी तिथेच उभ्या उभ्या तो फोन काढतो आणि तिचा विमा भरतो.