आग डोंगराला, नोटीस मला

मागच्या पंधरवड्यात मला दोन पत्रं आली. पहिलं आमच्या वसाहतीच्या कमिटीचं. इथे तिला एचओए म्हणतात, पण पुण्यात सोसायटीत राहिलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यायची गरज नाही. तर मी घराच्या भिंतीलगतची ज्युनिपरची झुडपं विनापरवानगी काढली, त्यामुळे वसाहतीच्या हिरव्यागार रूपाला बाधा आली, ३० दिवसांत होती तशी लावा, नाहीतर दंड. दुसरं पत्र विमा कंपनीचं. विमानातून घेतलेल्या फोटोत तुमच्या भिंतीलगत पेट घेणारी झुडपं दिसतात, सबब पॉलिसी पुढे चालू ठेवता येणार नाही. फोटो झुडपं काढायच्या आधीचा. एकाला झुडपं आहेत म्हणून मी नको, दुसऱ्याला नाहीत म्हणून नको.

राहतो कॅलिफोर्नियात, सॅक्रॅमेंटोहून हायवे ५० ने वर चढलं की सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी. जुलैत वणव्यांचा मोसम लागला की दाराशी कागदपत्रांची बॅग भरून ठेवायची, फोन उशाशी घेऊन झोपायचं. अशी नऊ वर्षं काढल्यावर इथे नव्याने घर घेणाऱ्यांना चार सल्ले द्यायचा अधिकार मला नक्कीच पोचतो. वही काढा.

सल्ला पहिला: ज्युनिपर लावाच, आणि अगदी खिडकीखाली लावा. बाहेरून कसं टवटवीत दिसतं! आगीशी झुंजणारी माणसं त्याला हिरवं पेट्रोल म्हणतात, पण त्यांना सौंदर्यदृष्टी कुठली? मी काढायला घेतलं तेव्हा कोपरापर्यंत हात आत गेला आणि बाहेर आला तो तपकिरी भुशाने भरलेला. वर चार बोटं हिरवं, खाली नऊ वर्षांचा वाळलेला काडीकचरा, एक टेनिस बॉल आणि पक्ष्याचं मोडकं घरटं. बायकोने त्यातला मूठभर भुसा बार्बेक्यूत टाकून काडी लावली. भस्सकन ज्वाळा उठली, ती तिच्या भुवईपर्यंत. माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली हे असं पस्तीस फूट होतं.

पन्हळीत पाइनच्या सुया साठू द्या; पणतीला वात लागते, तशी छपरालाही लागते.

लाकडी कुंपण घराला नीट भिडवून घ्या. भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखं काही ठेवू नका, असं सांगणारा झोन झिरोचा कायदा राज्याने २०२० साली केला. नियम २०२३ उजाडायच्या आत यायचे होते. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसकडचं पॅलिसेड्स आणि अल्टाडेना जळून खाक झालं, तेव्हाही मसुद्यावर चर्चाच चालू होती. तेव्हा घाई कशाला? वारा असला की ठिणग्या मैलभर उडत येतात आणि बुंध्याशी टाकलेला सालीचा भुगा, काथ्याचं पायपुसणं, जाळी नसलेला माळ्याचा झरोका असं काहीतरी शोधतात. आलेल्या पाहुण्याला बसायला पाट नको?

घरात बाळ येणार असेल तर मुलगा की मुलगी हे धुराचे फटाके उडवूनच जाहीर करा, तेही सप्टेंबरात, गुडघाभर वाळक्या गवतात. आपल्याकडे डोहाळजेवणाला वाटीखाली पेढा निघतो की बर्फी, एवढ्यावर भागतं. फारच मागासलेली पद्धत. २०२० साली सॅन बर्नार्डिनो भागात एका कुटुंबाने हा समारंभ केला, तर २२ हजार एकरांहून जास्त जंगल जळलं आणि ती आग विझवताना एक जवान मेला.

आग लागलीच तर ड्रोन उडवा. पॅलिसेड्सच्या वेळी एकाने उडवला आणि कॅनडाहून मदतीला आलेल्या पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडलं. विमान उभं राहिलं हँगरमध्ये. व्हिडिओ मात्र हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: धूर सहन करू नका. गेल्या नोव्हेंबरात झाडांखालचं साठलेलं जळण संपवायला आमच्या वरच्या उतारावर ४० एकरांत ठरवून आग लावायची होती. पाऊस पडून गेलेला, वारा मंद, धुरासाठी लागणारा परवाना मिळालेला. माणसं आधी दोन आठवडे खपून खालच्या फांद्या छाटून गेली होती, कडेने मातीपर्यंत पट्टा खरवडला होता. आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं, तसाच. पण आमच्या कमिटीने मेलांचा पाऊस पाडला. कुणाच्या मुलीचं बाहेर लग्न, कुणाचा योगवर्ग, कुणाच्या पांढऱ्या सोफ्याला वास लागेल. पुढे ढकला, म्हणाले. ढकललं. मग वारा सुटला, मग परवान्याची मुदत गेली. छाटलेल्या फांद्यांचे ढीग अजून तिथेच वाळत पडलेत. म्हणजे आधी होतं त्यापेक्षा उत्तम सरपण आता तयार आहे, रचून ठेवलेलं!

माझ्या आजोळी कोकणात राब भाजायचे. शेण, पालापाचोळा, कवळं पसरून वर माती टाकायची, वारं पडलं की पेटवायचं, आणि चार जण ओल्या डहाळ्या घेऊन बांधावर उभे. कुणी आजोबांना मेल केला नाही. इथल्या डोंगरातही मिवोक, निसेनान, वर उत्तरेला कारुक, युरोक या इथल्या मूळ जमाती हेच करत आल्या होत्या. दर काही वर्षांनी झाडांखालचा कचरा जाळून टाकायचा. राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, १८५० साली, गवताळ रानं पेटवणं शिक्षापात्र ठरवलं. मग १९१० साली आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळले, सरकारची पाचावर धारण बसली आणि दिसेल ती आग विझवायचं ठरलं. १९३५ पासून तर नियमच: आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात. कचेरीची वेळ झाली, आगीने निघावं. हा नियम चाळीसेक वर्षं चालला आणि रान तेवढी वर्षं जळण साठवत बसलं. गोरे लोक यायच्या आधी कॅलिफोर्नियात वर्षाला ४० लाख एकरांच्या वर जळत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. २०२० सालीही तेवढंच जळलं. पण तेव्हाची आग बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढी होऊन पाल्यावरून सरपटायची, आताची शेंड्यांवरून धावते.

हो, माहीत आहे, न्यू मेक्सिको. कमिटीच्या अध्यक्षांनी तो कागद छापूनच आणला होता. २०२२ साली तिथे वनखात्याने लावलेल्या दोन आगी हाताबाहेर गेल्या आणि ३ लाख ४१ हजार एकर गिळून बसल्या. ज्यांची घरं गेली त्यांना शहाणपण शिकवायला माझी जीभ धजणार नाही. त्याच वर्षी ऑरेगनमध्ये एक ठरवलेली आग शेजारच्या कुरणात शिरली, तर ती लावणाऱ्या प्रमुखालाच शेरीफने अटक केली. आता पुढचा प्रमुख काडी ओढताना दहादा विचार करेल. आणि वर्षानुवर्षं काडीच न ओढणाऱ्याला कोण अटक करतं, ते मला सांगा.

ग्रिझली फ्लॅट्स आमच्याच काउंटीत. भोवतालचं रान विरळ करायची योजना होती; बरीचशी कागदावरच राहिली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काल्डोर आग आली आणि एका रात्रीत गावाचा बहुतेक भाग गेला, शाळा आणि पोस्टासकट. पुढे दोन आठवड्यांनी ती लेक टाहोच्या तोंडाशी पोचली, तेव्हा हायवे ५० वर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. आमच्या अंगणात राख पडत होती, मुलं खिडक्यांना टेप लावून घरात. तो धूर कितीतरी दिवस होता. त्या धुराविरुद्ध केला का कुणी मेल? सोफा तेव्हाही पांढराच होता.

सल्ला कितवा चालू होता? जाऊ दे.

अहो, लाज वाटू द्या थोडी. आग लागली की दारात ‘थँक यू फायरफायटर्स’च्या पाट्या लावता, टाळ्या वाजवता, कुकीज वाटता. आग विझवणाऱ्यांच्या त्या रांगेत तुरुंगातली माणसंही असतात. वर्षानुवर्षं दिवसाचे पाच-दहा डॉलर आणि आगीवर असताना तासाला एक डॉलर जास्त, एवढ्यावर ती तुमच्या घरामागे कुदळ मारत आली. त्यांच्यासाठी दोन तास धूर सोसवत नाही? दोन हजार डॉलरचं कॉफीचं मशीन घेता आणि झरोक्याला बारीक जाळी बसवायला पैसे नाहीत? मीही नऊ वर्षं त्या ज्युनिपरला पाणी घालत होतो, तेव्हा मला सोडून बोलत नाहीये. पण आता तुमची हिरवळ माझ्या पोरांच्या खिडकीखाली नको.

कमिटीला लिहून टाकलंय: झुडपं परत लावणार नाही, दंड लावा. आणि शनिवारी सकाळी सातला चिपर, म्हणजे फांद्यांचा भुगा करणारं मशीन, येतोय. फांद्या रस्त्याच्या कडेला काढून ठेवा, बुंध्याची बाजू रस्त्याकडे करून. तारा, खिळे, गवत त्यात घालू नका, मशीन अडकतं.