लहान शहराला ‘स्मार्ट’ परवडत नाही, हे कुणी ठरवलं?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. ‘स्मार्ट सिटी ही मोठ्या शहरांची मिरास. स्वतःचं डेटा सेंटर आणि भिंतभर पडद्यांची कंट्रोल रूम नसेल तर लहान शहरानं त्या वाटेला जाऊ नये. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलात तर माहिती परक्याच्या हाती, आणि इंटरनेट गेलं की शहर अंधारात.’ कारभाऱ्यांनी हे खरं मानलं तर फटका नागरिकांना बसणार, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी डेटा सेंटर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सर्व्हरची स्वतःची जागा. पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली बसवलेला अल्ट्रासोनिक सेन्सर काय करतो? ध्वनीचा एक स्पंद खाली सोडतो, तो पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून पातळी काढतो, आकडा पाठवतो आणि पुन्हा झोपी जातो. निरोप १० बाइटचा धरा, दर १५ मिनिटांनी एक. दिवसाचे ९६ निरोप, म्हणजे ९६० बाइट. अशा २०० टाक्यांची दिवसभराची माहिती दोन लाख बाइटही भरत नाही. मोबाइलवर काढलेला साधा फोटो याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्यासाठी सर्व्हरची खोली, तिचा एसी, यूपीएस आणि रात्रपाळीची माणसं कशाला? क्लाउडवर एकच यंत्रणा अनेक शहरं वाटून घेतात आणि वापराप्रमाणे भाडं भरतात. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवायचं तर खर्च खरंच चढतो. पण सुरुवात कॅमेऱ्यांपासूनच करायची, असा नियम नाही.

सेन्सरचे निरोप वाहून नेणाऱ्या जाळ्याचंही तेच. लोरावॅनसारख्या, कमी विजेत छोटे निरोप दूरवर पाठवणाऱ्या बिनतारी तंत्रात सेन्सर बॅटरीवर काही वर्षं चालतो आणि ते निरोप टिपून इंटरनेटवर पोचवणारा एक गेटवे काही किलोमीटरचा परिसर सांभाळतो. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये हौशी मंडळींनी अवघ्या १० गेटवेंवर शहरभर असं जाळं उभं केलं. आणि ‘मोठ्या शहरांची मिरास’ म्हणाल, तर स्पेनमधलं सांतांदेर जेमतेम पावणेदोन लाख वस्तीचं. तिथं पार्किंगच्या जागांवर डांबरात सेन्सर पुरले, शहरभर हजारो बसवले. त्यामागे युरोपीय संशोधन निधी होता, हे खरं. पण ती उपकरणं आज दुर्मीळ राहिलेली नाहीत.

‘आपल्या इमारतीतला सर्व्हर सुरक्षित’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या संगणकांवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. मागणी सुमारे ५१ हजार डॉलरची होती. पाण्याची बिलं ऑनलाइन भरणं थांबलं, पोलिसांच्या गाड्यांतलं जुनं चित्रण कायमचं गेलं. सर्व्हर आपल्या खोलीत आहे म्हणून तो आपोआप अद्ययावत राहत नाही. त्यासाठी रोज लक्ष घालणारी माणसं लागतात, आणि लहान नगरपालिकेत तीच नसतात. क्लाउडही अभेद्य नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एका क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळून खाक झालं आणि ज्यांचा बॅकअप दुसरीकडे नव्हता त्यांची माहिती गेली. म्हणून दुसऱ्या ठिकाणचा बॅकअप कुठे ठेवणार, हे निविदेतच विचारायचं.

इंटरनेट गेल्यावर अंधार होत नाही. पथदिव्याच्या नीट बनवलेल्या कंट्रोलरमध्ये सूर्यास्त-सूर्योदयाचं वेळापत्रक किंवा प्रकाशाचा सेन्सर असतो. संपर्क तुटला तरी दिवा वेळेवर लागतो. बिघाडाची खबर तेवढी उशिरा पोचते.

त्या मजकुरातली एक भीती मात्र रास्त आहे: एकदा अडकलो की सुटका नाही. पण ती गाठ क्लाउडची नसून कराराची आहे. करार संपताना सगळी माहिती खुल्या स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत आणि जादा पैसे न घेता परत मिळेल, हे लिहून घ्या. लोरावॅनच्या प्रत्येक सेन्सरला सांकेतिक किल्ली असते, तिच्याशिवाय तो दुसऱ्या जाळ्यावर नेता येत नाही. या किल्ल्यांची यादी बऱ्याचदा पुरवठादाराकडेच राहते. सेन्सर खांबावर चढवण्याआधी ती शहराच्या ताब्यात घ्या.