वही, रेकॉर्डर आणि रापणीवरची माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या मुलाखतींबद्दलचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, आभार. तुमचं म्हणणं असं, की मोबाइल समोर ठेवला की मच्छीमार जपून बोलतो, मुलाखतींचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर हाती आलं की संशोधक विचार करणं सोडतो. वही घेऊन माणसांत बसावं, तेच खरं संशोधन.

माणसांत बसायलाच हवं. पण वही निर्दोष असते, हे मला पटत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाळूवर पाचसहा जण एकदम बोलतात, वाट्यावरून हुज्जत होते, कुणी मध्येच गप्प होतं. वहीत त्यातलं मला त्या क्षणी महत्त्वाचं वाटलं तेवढंच उतरतं, तेही माझ्या भाषेत. रेकॉर्डिंग दुसरा कुणी ऐकू शकतो आणि 'तुम्ही याचा अर्थ चुकीचा लावलात' असं मला सांगू शकतो. वहीपुढे त्याचं काही चालत नाही.

जपून बोलण्याचा तुमचा मुद्दा मात्र मोलाचा आहे, पर्ससीनचा, म्हणजे बोटीतून माशांच्या थव्याभोवती टाकायच्या मोठ्या जाळ्याचा, विषय निघाला तर फारच. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने या मासेमारीवर निर्बंध आणले, तरी वाद मिटलेला नाही. बोलणाऱ्याला त्याच बंदरात राहायचं असतं. म्हणून मी आधी विचारते, रेकॉर्डिंग कसं थांबवायचं ते दाखवते आणि फोन त्यांच्याच हाताशी ठेवते. मला खरी काळजी वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. मग लेखात बोलणाऱ्याचं नाव बदलून उपयोग काय? आवाजाचं आपोआप लेखन करणाऱ्या बऱ्याच सेवा रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. शिवाय मालवणी बोलणं त्यांना नीट उमगत नाही. अशा मुलाखती मी स्वतः ऐकून टाइप करते. वेळ जातो, पण विचार तिथेच सुरू होतो.

राहिला सॉफ्टवेअरचा प्रश्न. मुलाखतींच्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या एनव्हिवो या प्रोग्रॅमचा पूर्वज १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठात लिन आणि टॉम रिचर्ड्स यांनी घडवला. या प्रोग्रॅममध्ये कोणत्या उताऱ्याला कोणता कोड, म्हणजे विषयाचं लेबल, द्यायचा हे संशोधकच ठरवतो; प्रोग्रॅम ते उतारे हवे तेव्हा एकत्र काढून देतो. आता एआय स्वतःच कोड सुचवू लागलं आहे. तिथे तुमची भीती रास्त आहे, आणि रापणकरांच्या मुलाखतींवर ती सोय मी वापरणार नाही.